सुरीवाचून आंब्याची पारख

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर पेण ओलांडले, अलिबागेकडे वळणारा वडखळचा फाटा मागे टाकला, की नागोठण्याच्या अलीकडे कासू हे गाव लागते. पनवेलहून रोह्यास जाणाऱ्या लोहमार्गावर या नावाचे एक लहानसे स्थानक आहे. आणि महामार्गाच्या रुंदीकरणाचा एक टप्पा कासूपाशी संपावा व दुसरा तेथूनच सुरू व्हावा अशी सरकारी विभागणी झाल्यामुळे, ज्यांनी या गावात कधी पाऊल टाकलेले नाही अशा मुंबईकरांच्याही ते वर्तमानपत्रांतील तक्रारींतून परिचयाचे झाले आहे. खाडीच्या अंगाला खारजमीन व भातखाचरे आणि डोंगराच्या अंगाला आंब्याची कलमे, असा हा पेण-रोह्यामधला मुलूख. चैत्र-वैशाखात देवगड, राजापूर, रत्नागिरी या भागांतून वाशीच्या बाजाराकडे पेट्या वाहून नेणाऱ्या कितीतरी मालमोटारी रात्री-अपरात्री याच वाटेने जातात, आणि त्यांच्या मागोमाग, थोड्या उशिराने, याच तालुक्यांतला आंबाही त्या वाटेला लागतो. या सगळ्या मालाबद्दल विकणाऱ्याने घेणाऱ्याला दिलेली हमी एकच असते, की आतला जिन्नस चांगला आहे. आणि ती पडताळून पाहण्याचा खात्रीचा मार्गही पिढ्यान् पिढ्या एकच होता, तो म्हणजे फळ कापणे. कापलेल्या फळाची खातरजमा पूर्ण होते, पण ते विक्रीच्या उपयोगाचे राहत नाही. शिवाय त्याच्या शेजारच्या, न कापलेल्या फळाविषयी ते फारसे काही सांगतही नाही.

फळाला यत्किंचितही न दुखावता त्याच्या अंतरंगाची वार्ता प्रकाशाच्या द्वारे मिळवण्याची विद्या गेल्या साठ-सत्तर वर्षांत बरीच पुढे गेली आहे. परदेशांत ती फळांच्या व्यापाराचा नित्याचा भाग होऊन बसली आहे. आपल्याकडे तिचा मुक्काम अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे. परंतु तिची ओळख करून घेण्यापूर्वी, आंब्याच्या बाबतीत आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. कारण फळ तयार होणे आणि फळ पिकणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत, आणि त्यांची गल्लत केली तर उत्तमातले उत्तम उपकरणही आपल्याला बिनमहत्त्वाच्या प्रश्नाचे बिनचूक उत्तर देत राहील.

आंबा हा झाडावरून उतरवल्यानंतरही पिकणारा आहे. फळधारणेपासून साधारणपणे ११० ते १२० दिवस पानांनी सूर्यप्रकाशाच्या बळावर तयार केलेली साखर फळात येते व तेथे पिष्टाच्या रूपाने साठत जाते. हा साठा पुरेसा झाला म्हणजे फळ तयार झाले. पुढे, उतरवलेल्या फळात ईथिलीन नावाचा वायू फळ स्वतःच निर्माण करते, श्वसनाचा वेग एकाएकी वाढतो, पिष्टाची साखर होते, आंबटपणा ओसरतो, पेशींना सांधून धरणारे पेक्टिन सैल पडून गर मऊ होतो, आणि सालीतील हरितद्रव्य लोपून पिवळा-केशरी रंग वर येतो. अढीतल्या पेंढ्यात ही सारी उलाढाल दहा-पंधरा दिवसांत उरकते. परंतु अढी केवळ साठ्याचे रूपांतर करते. साठ्यात भर घालणे तिच्या हाती नाही. बारा आण्यांचा, म्हणजे सोळा आण्यांच्या हिशेबाने तीन-चतुर्थांशच तयार झालेला, आंबा उतरवला तर तो पिवळा होईल, मऊ होईल, कदाचित पेटीच्या वरच्या थरात शोभूनही दिसेल, पण चौदा आण्यांच्या आंब्याची गोडी त्यात उतरणार नाही.

म्हणून बागायतदाराच्या साऱ्या कौशल्याचा कस तोडणीच्या दिवशी लागतो. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे भरून वर आले, देठाशी खळगा पडला, सालीची गडद हिरवी छटा फिकी झाली आणि बागेत झाडावरच पिकलेला एखादा पाड गळला, की फळे उतरवण्याचा झेला हाती घ्यायचा, हा वाडवडिलांपासून चालत आलेला दंडक आहे, आणि अनुभवी डोळ्यांच्या ठायी तो पुष्कळ अंशी खराही ठरतो. कृषिशास्त्रज्ञांनी त्यात पाण्याच्या कसोटीची भर घातली: ज्याचे विशिष्ट गुरुत्व १.०१ ते १.०२ झाले आहे असा हापूस पाण्यात बुडतो, कोवळा असेल तो तरंगतो. या कसोटीने फळाला इजा होत नाही आणि तिला एक बादली पाण्यापलीकडे खर्चही नाही. फक्त ती उतरवलेल्या फळालाच लावता येते, म्हणजे जो निर्णय तिच्या आधारे घ्यायचा तो होऊन गेल्यानंतर ती उपलब्ध होते. तरंगलेले फळ पुन्हा फांदीला लावण्याची युक्ती कोणापाशीच नाही.

रायगड जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पर्यंत ज्याला कुलाबा म्हणत त्या जिल्ह्यात, हा निर्णय अधिकच अवघड होतो. दक्षिणेकडील आंबा आधी बाजारात पोहोचून चढ्या भावाचा लाभ घेतो. येथील फळ भरात येईस्तोवर भाव उतरणीला लागलेला असतो आणि समोर मृगाचा पाऊस उभा असतो. १९९० च्या सुमारास रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली गेल्यावर कोकणातील वरकस जमिनींवर हापूसची कलमे पुष्कळ वाढली, आणि २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा सिंधुदुर्ग, रत्नागिरी, ठाणे व पालघर यांच्या बरोबरीने रायगडचेही नाव दप्तरी लागले. नाव लागले तरी घाई काही संपत नाही. वळवाचे ढग दिसू लागले की, अजून आठ दिवस झाडावर राहू दिला असता तर सोने झाला असता असा आंबा, गळून कवडीमोल होण्यापेक्षा आज चार पैसे मिळालेले बरे, या व्यवहारी विचाराने उतरवला जातो. आणि त्या विचाराला दोष देण्याचा अधिकार, ज्याचे उत्पन्न पावसाच्या तारखेवर अवलंबून नाही अशा माणसाला आहे, असे मला वाटत नाही.

कोवळा माल उतरवल्यानंतरचा मोह मात्र क्षम्य नव्हे. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्याला हवेतील ओल लागली म्हणजे ॲसिटिलीन वायू सुटतो व तो ईथिलीनची नक्कल करून सालीचा रंग पालटवतो. त्या खड्यात आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असल्यामुळे त्याने फळे पिकवण्यास आपल्या कायद्याने फार पूर्वीपासून मनाई केलेली आहे, आणि २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांतही ती कायम आहे. ईथिलीन वायूला, हवेच्या दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत, परवानगी आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की साल आणि गर यांची फारकत करता येते. कार्बाइडच्या आंब्याची साल पिकल्याची ग्वाही देते आणि आतला गर ती ग्वाही खोटी पाडतो. तेव्हा जे साधन केवळ सालीचा रंग पाहते, मग ते माणसाचे डोळे असोत वा छायाचित्रणाचे महागडे यंत्र असो, ते फसवले जाऊ शकते.

प्रकाशाने गोडी मोजण्याची कल्पना तशी नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येना येथील अर्न्स्ट आबे यांनी जे अपवर्तनमापक सिद्ध केले, त्याच्या वंशातील लहानशी नळी आज द्राक्षबागांतही दिसते: काचेवर रसाचा थेंब ठेवायचा, उजेडाकडे रोखून पाहायचे, आणि साखरेमुळे प्रकाश किती वळला यावरून ब्रिक्सचा, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेचा, आकडा वाचायचा. पिकलेल्या चांगल्या हापूसचा हा आकडा १८ ते २० च्या आसपास येतो. परंतु रसाचा थेंब हवा, म्हणजे सुरी आलीच. सुरी टाळायची तर प्रकाशाला रसापर्यंत, म्हणजे सालीच्या आत, पाठवले पाहिजे.

तो आत जातो का? जातो, आणि आपण समजतो त्याहून अधिक जातो. काळोख्या खोलीत विजेरी तळहाताखाली धरली तर बोटांच्या कडा तांबूस उजळतात. हाडामांसातून जर इतका प्रकाश पार होत असेल तर आंब्याच्या गराने त्याला अडवण्याचे कारण नाही. फळावर पडलेल्या प्रकाशापैकी अवघा चार-पाच टक्के भाग पृष्ठभागावरून सरळ परततो, आणि आपल्याला दिसणारी चकाकी ती हीच. उरलेला आत शिरतो, पेशींच्या भिंती व त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या यांवर आदळून दिशा बदलीत भटकतो, वाटेत काही शोषला जातो, आणि जो शिल्लक राहतो तो जेथून शिरला तेथून काही अंतरावर पुन्हा बाहेर पडतो. हा परतलेला प्रकाश आतून प्रवास करून आलेला असतो, आणि प्रत्येक तरंगलांबीवर तो किती शिल्लक उरला याचा ताळेबंद मांडला म्हणजे वाटेत कोणी किती वसुली केली हे कळते. म्हणूनच या उपकरणांत प्रकाशाचा दिवा आणि प्रकाश टिपणारा संवेदक यांच्यामध्ये एक आडोसा असतो, की ज्यायोगे पृष्ठभागावरची फसवी चकाकी संवेदकापर्यंत पोहोचू नये.

वसुली करणाऱ्यांत पहिला मान हरितद्रव्याचा. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या शंभर कोटीव्या भागांत, मोजतात. आणि ६७० ते ६८० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशावर हरितद्रव्याची भूक सर्वांत तीव्र असते. थोडे पुढे, ७२० च्या आसपास, ती जवळजवळ संपते. या दोन ठिकाणच्या शोषणातील फरक घेतला म्हणजे फळात हरितद्रव्य किती उरले आहे याचा सुटसुटीत निर्देशांक मिळतो. इटलीत बोलोन्या विद्यापीठातील गुलिएल्मो कोस्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर सफरचंद व पीच यांसाठी हातात धरून वापरायचे मापक घडवले, आणि त्याने झाडावरचेच फळ दिवसागणिक मोजून तोडणीचा दिवस ठरवता येतो. रसायनाने साल पिवळी केली तर मात्र हा निर्देशांकही गोंधळतो, हे उघड आहे. त्यासाठी दृश्य प्रकाशाची वेस ओलांडून पुढे जावे लागते.

ती वेस १८०० साली विल्यम हर्शेल यांनी ओलांडली. लोलकातून पडलेल्या वर्णपटात तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथे, त्यांनी तापमापक ठेवला आणि पारा चढला. या अवरक्त प्रकाशाचा अगदी अलीकडचा भाग, सुमारे ७०० ते २५०० नॅनोमीटरपर्यंतचा, दीड शतक रसायनशास्त्रज्ञांनी काहीसा दुर्लक्षितच ठेवला. कारण त्यातील शोषणाचे पट्टे रुंद, एकमेकांत मिसळलेले आणि दुर्बोध असतात. त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती एका कृषी अभियंत्याने. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात कार्ल नॉरिस यांनी प्रथम अंडी न फोडता तपासण्याचा, नंतर धान्यातील ओलावा मोजण्याचा उद्योग आरंभला. आणि १९६५ मध्ये गेराल्ड बर्थ यांच्यासमवेत फळांच्या व इतर अन्नपदार्थांच्या अंतरंगाची परीक्षा करणाऱ्या प्रकाशमापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. जपानात त्सुकुबा येथील सुमिओ कावानो यांच्यासारख्या संशोधकांनी हीच विद्या फळांच्या गोडीकडे वळवली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील पीचच्या प्रतवारीच्या पट्ट्यांवर प्रत्येक फळाची साखर न कापता मोजली जाऊ लागली. मौल्यवान भेट म्हणून एकेक फळ कागदात गुंडाळून देणाऱ्या समाजाने या यंत्राला पहिला आश्रय द्यावा, यात नवल नाही.

अवरक्तात वसुली कोण करतो? मुख्यतः पाणी. आंब्याच्या गरात वजनाच्या चार पंचमांशाच्या आसपास पाणी असते, आणि ९७० नॅनोमीटरपाशी त्याचा एक ठळक पट्टा पडतो. साखर व पिष्ट यांच्या रेणूंमधील कार्बन-हायड्रोजन व ऑक्सिजन-हायड्रोजन बंधांची कंपने ९०० च्या जवळपास आपली मंद नोंद करतात, पण पाण्याच्या गलबल्यात ती निराळी ऐकू येणे कठीण. त्यातून साखर आणि पिष्ट यांचे बंध इतके सारखे, की लहान उपकरणाला त्यांतला भेद करणे अवघड जाते. हीच अडचण आंब्याच्या बाबतीत पथ्यावर पडली. ऑस्ट्रेलियातील सेंट्रल क्वीन्सलँड विद्यापीठात केरी वॉल्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार केला, की झाडावरच्या कच्च्या आंब्यात आज साखर किती आहे हे विचारण्यात अर्थ नाही, कारण ती पुढे व्हायची आहे. विचारायचे ते शुष्कांशाबद्दल, म्हणजे पाणी आटवून टाकल्यावर उरणाऱ्या घन भागाबद्दल. पिष्ट असो वा साखर, दोन्ही त्यातच मोडतात; आणि तोडणीच्या वेळी शुष्कांश जितका अधिक, तितकी पिकल्यावर गोडी अधिक. प्रकाशाला जो भेद कळत नाही तो बागायतदारालाही नकोच असतो. तेथील आंबाव्यवसायात हातातील मापकाने शुष्कांश पाहून तोडणी ठरवण्याची पद्धत आज रूढ झाली आहे.

आता या साऱ्या विद्येचे मर्म, आणि जाहिरातींत जे सोयीस्करपणे गाळले जाते ते, सांगितले पाहिजे. प्रकाशाला गोडी ठाऊक नसते. उपकरण जे मोजते ते एवढेच, की अमुक तरंगलांबीवर अमुक इतका प्रकाश परत आला. त्या शेकडो आकड्यांच्या ओळीचा अर्थ १४ टक्के शुष्कांश की १७ टक्के, हे त्याला कोणीतरी शिकवावे लागते, आणि शिकवण्याची रीत एकच आहे. पुष्कळशी फळे घ्यायची, प्रत्येकाचा वर्णपट नोंदवायचा, मग ती कापून गर भट्टीत सुकवायचा किंवा रस काढून ब्रिक्स पाहायचा, आणि दोन्ही नोंदींची सांगड संख्याशास्त्राने घालायची. वॉल्श यांच्या मंडळींनी २०२० साली आंब्यांच्या वर्णपटांचा जो संग्रह सर्वांसाठी खुला केला त्यात अकरा हजारांहून अधिक नोंदी आहेत, आणि त्यांच्यामागे हजारो कापलेली फळे आहेत. न कापता फळ तपासण्याच्या या विद्येचा पाया कापलेल्या फळांच्या राशीवर उभा आहे.

आणि ही शिकवणी एकदा घेऊन कायमची पुरत नाही. एका बागेत शिकलेले उपकरण दुसऱ्या बागेत अडखळते, एका हंगामाचे पुढल्या हंगामात चुकते. जात बदलली, सालीची जाडी बदलली, फळाचे तापमान बदलले, तरी पाण्याचे पट्टे किंचित सरकतात आणि आकडा ढळतो. पहाटेच्या गारव्यात घेतलेली नोंद आणि वैशाखाच्या दुपारी घेतलेली नोंद यांत फळ तेच असूनही तफावत पडते. क्वीन्सलँडचे केन्सिंग्टन प्राइड जातीचे फळ पाहून तयार झालेले कोष्टक कासूच्या डोंगरउतारावरील हापूसला लावणे म्हणजे एका गावच्या सातबाऱ्यावरून दुसऱ्या गावची मोजणी करण्यासारखे आहे. आपल्याकडे लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेत एस. एन. झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास अखंड आंब्याची गोडी प्रकाशाने वर्तवण्याचे काम प्रसिद्ध केले, तेव्हा हे काम आपल्या देशात होऊ शकते याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो प्रत्येक मुलखाने आपापले कोष्टक तयार करण्याचा व ते दरसाल तपासून अद्ययावत राखण्याचा.

प्रकाशाचे इतरही खेळ आहेत. मिलानच्या तंत्रविद्यापीठात फळावर लेसरचे इतके अल्पजीवी स्पंद सोडतात, की एका सेकंदाचे लक्ष कोटी भाग केले तर त्यांचा काळ अशा काही भागांत मोजावा लागेल. परतणाऱ्या प्रत्येक प्रकाशकणाला किती उशीर झाला यावरून तो किती खोल भटकला हे कळते, आणि शोषण व विखुरणे यांचा हिशेब स्वतंत्र मांडता येतो. या पद्धतीने सालीखाली सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गराची विचारपूस होते, आणि ब्राझीलच्या आंब्यांवर तिचे प्रयोग झालेले आहेत. विद्येच्या दृष्टीने हे सर्वांत देखणे काम. पण ते यंत्र खांद्यावर टाकून कलमाखाली जाण्यासारखे नाही.

हापूसच्या बाबतीत मात्र एक दुखणे असे आहे, की त्यापुढे वर सांगितलेली बहुतेक उपकरणे निरुत्तर होतात. ते म्हणजे साका. बाहेरून निष्कलंक, सुवासिक, केशरी आंबा कापावा आणि बाठ्याभोवतीचा गर पांढरट, स्पंजासारखा पोकळ व आंबूस निघावा, हा अनुभव कोकणात कोणाला नवा नाही. या व्याधीची शास्त्रीय दप्तरातील पहिली नोंद मुंबई इलाख्याच्या कृषिखात्याच्या १९३४ सालच्या पुस्तिकेत सापडते. जी. एस. चीमा व पी. जी. दाणी यांनी १९३२ व १९३३ या वर्षी युरोपास पाठवलेल्या आंब्यांचा अहवाल तीत दिला आहे. म्हणजे हापूसने परदेशी बाजारात पाऊल टाकले तेव्हाच हे वैगुण्यही त्याच्याबरोबर जहाजात चढले होते. तापलेल्या जमिनीतून उठणाऱ्या उष्णतेशी त्याचा संबंध पुढे जोडला गेला, झाडाखाली पेंढा वा पाला पसरल्याने ते कमी होते असे दिसून आले. त्यानंतरच्या संशोधनाने बाठ्यातील बीजाच्या अकाली रुजू लागण्याकडे बोट दाखवले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ साली रत्ना ही जात दिली, तिच्यात साका नाही. परंतु लोकांना हवा असतो हापूसच.

साका बसतो बाठ्याला लागून, म्हणजे सालीपासून सर्वांत दूर. आणि हातातल्या मापकाचा अवरक्त प्रकाश जाऊन परत येतो तो वरच्या काही मिलिमीटरांची हकीकत घेऊन. तेथे प्रकाशाच्याच कुळातील अधिक भेदक अशा क्ष-किरणांना पाचारण करावे लागते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील पी. थॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवून दिले, की क्ष-किरणांच्या छायाचित्रात साक्याने पोखरलेला भाग निरोगी गरापासून वेगळा ओळखू येतो; दोन वर्षांनी त्याच केंद्रातून बाठ्यातील भुंग्याची कीड ओळखण्याचेही असेच काम प्रसिद्ध झाले. कासूपासून मोटारीने दोन-तीन तासांच्या अंतरावर हे काम होऊन तीस वर्षे उलटली, आणि तरी आपल्या घरी येणाऱ्या पेटीतला साका आपल्याला सुरी लावल्यावरच कळतो. क्ष-किरणांचे यंत्र महाग, ते चालवण्यास परवाने व प्रशिक्षित माणसे लागतात, आणि ते बसवायचे तर मोठ्या निर्यातगृहातच. ही कारणे खरी आहेत. पण एक कारण याहूनही खरे असावे. साका निघाला तर त्याचे नुकसान कापणाऱ्या घराचे होते, आणि विक्रीची साखळी तोवर आपला हिशेब चुकता करून मोकळी झालेली असते. ज्याचे नुकसान होते त्याने यंत्र घ्यायचे नसते, आणि ज्याने यंत्र घ्यायचे त्याचे नुकसान होत नाही.

हाच न्याय शुष्कांशाच्या मापकालाही लागू आहे, आणि म्हणून ते कोठे ठेवावे याबद्दल माझे मत सांगतो. पुष्कळांची कल्पना अशी, की अशी यंत्रे वाशीच्या बाजारात अथवा शहरातील झगमगीत दुकानांत असावीत, म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक टळेल. टळेलही, पण बाजारात पोहोचलेल्या कोवळ्या आंब्याला कोवळा म्हणून ओळखल्याने तो तयार होत नाही, फक्त त्याचा भाव पडतो, आणि त्या पडलेल्या भावाचा भार शेवटी बागायतदाराच्या पट्टीत येऊन बसतो. प्रकाशाचा खरा उपयोग कलमाखाली आहे, तोडणीच्या आधीच्या दहा-पंधरा दिवसांत. तेथे तेच मापक सांगेल, की दक्षिणेकडच्या उतारावरील फांद्या आज उतरवाव्यात, सावलीतल्या आणखी आठवडाभर ठेवाव्यात. आणि वळवाच्या सावटाखाली कोणती फळे आधी काढली तर गोडीचे नुकसान कमीत कमी होईल, याचाही ते हिशेब देईल. पावसाची तारीख बदलणे त्याच्या हाती नाही, पण घाईचीही एक क्रमवारी लावता येते.

मापकाची किंमत लाखांच्या हिशेबात असल्यामुळे पाच-पन्नास कलमांच्या धन्याने ते विकत घ्यावे ही अपेक्षा व्यर्थ आहे. अलीकडे ४१० ते ९४० नॅनोमीटरमधील अठरा पट्टे मोजणाऱ्या नखाएवढ्या चिपा स्वस्तात मिळू लागल्या आहेत आणि त्यांवर आधारलेली साधी उपकरणे होतकरू विद्यार्थीही जुळवतात. तथापि पाण्याचा ९७० चा पट्टा त्यांच्या आवाक्याबाहेर राहतो, तेव्हा त्यांच्याकडून हरितद्रव्याची बातमी घ्यावी, शुष्कांशाची घेताना जपून राहावे. पाचसहा गावांच्या बागायतदारांनी मिळून एक चांगले मापक घेणे आणि ते हंगामात पाळीपाळीने फिरवणे, हा मार्ग मला अधिक व्यवहार्य दिसतो. कोष्टकाचे काम मात्र एखाद्या संस्थेनेच अंगावर घ्यावयास हवे. रोह्याजवळ किल्ला येथे कोकण कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. पेण, रोहा, अलिबाग, मुरूड या तालुक्यांतील निरनिराळ्या उतारांवरची, निरनिराळ्या वयांच्या कलमांवरची फळे हंगामाच्या आरंभापासून जूनपर्यंत दर आठवड्यास तेथे गोळा करावीत, त्यांचे वर्णपट घ्यावेत, निम्मी लगेच कापून सुकवावीत, निम्मी अढीत घालून पिकल्यावर रस काढून पाहावीत, आणि हे किमान तीन हंगाम चालवावे, अशी तजवीज कोणी केली तर रायगडच्या हापूसचे स्वतःचे कोष्टक तयार होईल. यात अवघड विज्ञान काही नाही. अवघड आहे तो जमाखर्च. कारण कापलेल्या आंब्यांची ही रास कोणत्या खात्यावर टाकावी आणि अढीत पिकवून रस काढून घेतलेल्या फळांच्या उरलेल्या गराची विल्हेवाट कशी लावली, असा शेरा लेखापरीक्षक मारल्यावाचून राहणार नाहीत, आणि त्याचे उत्तर मे महिन्याच्या दुपारी त्या केंद्रात उपस्थित असलेला कोणीही सरळ चेहऱ्याने देऊ शकेल असे वाटत नाही.